डाव्या सीटखालचं लिंबू

माझी पहिली गाडी मी निवृत्तीनंतर घेतली, आणि तीही खिडकीतून कानावर पडलेल्या एका वाक्याच्या भरवशावर. हयातभर मी भूमी अभिलेख खात्यात मोजणीची नोकरी केली. दोन शेजाऱ्यांमधला बांध मोजायला गेलं की दोघंही शपथेवर खोटं बोलणार हे गृहीत धरूनच साखळी टाकायची, अशी आमच्या खात्याची शिकवण. असा माणूस ऐकीव वाक्यावर गाडी घेतो, यावरून निवृत्तीनंतर माणसाचं काय होतं ते कळावं.

माझं नाव कारभारी. आमच्या भागात बायका नवऱ्याला कारभारी म्हणतात. त्यामुळं कॉलनीतल्या बायका मला नावानं हाक मारायचं टाळतात. माझी बायको सुरेखा एरवी 'अहो' म्हणते, पण रागावली की 'कारभारी' म्हणते. त्या वेळी ती नाव घेते की नातं सांगते, ते मला अजून कळलेलं नाही.

तर ते वाक्य. उन्हाळ्याची दुपार होती. हडकोतल्या आमच्या घरामागं मी कूलरमध्ये पाणी भरत उभा होतो. स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती आणि आत सुरेखा सिल्लोडला तिच्या धाकट्या बहिणीशी, दीपमालाशी, फोनवर बोलत होती.

"खरं सांगू का दीपे, मला आता गाडी लागते. आधी एवढं नव्हतं. वय झालं आता. नाय गं, ह्यांना नाय बोलले मी. सांगून काय करायचं? हसण्यावारी नेतील."

कूलर भरून पाणी माझ्या पायावर सांडायला लागलं, तरी मी पाइप धरून तसाच उभा. तीस-बत्तीस वर्षं ही बाई माझ्या स्कूटरवर मागं बसली. एका हातात पदर, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. कधी काही मागितलं नाही. आता या वयात तिला गाडी लागते आणि ते मला सांगायची तिला चोरी. मी हसलो नाही. तिथंच ठरवलं, गाडी घ्यायची आणि एकदम दारात आणून उभी करायची.

यात माझाही एक जुना हिशेब होता. आमचं लग्न ठरत असताना सुरेखाच्या आईनं, मनकर्णाबाईंनी, दाराआडून विचारलं होतं, "पोराकडं गाडी हाय का?" माझे चुलते म्हणाले, "हाय की." ते खोटं नव्हतं. स्कूटर होती. आमच्याकडं दोन चाकांनाही गाडी म्हणतात, चार चाकांनाही म्हणतात आणि बैल जुंपले तरी ती गाडीच. पण मनकर्णाबाईंच्या डोळ्यांपुढं जीप होती. लग्नाच्या मांडवात मी स्कूटरवरून उतरलो तेव्हा त्यांनी माझ्या मागं पाहिलं, जीप कुठं राहिली म्हणून. तेव्हापासून मी काहीही सांगितलं की त्या आधी माझ्या मागं बघतात. नमस्कार केला तरी आशीर्वाद देण्याआधी एकदा मागं बघून घेतात. लेकीला मात्र अजून सांगतात, "गाडी हाय म्हणून दिली होती तुला."

आता त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. सिल्लोडच्या घरापुढं ओट्यावर बाज टाकून बसलेल्या असतात. त्या बाजेपुढं एकदा चार चाकं थांबवायची आणि त्यातून त्यांच्या लेकीनं खाली उतरायचं, एवढंच मला हवं होतं. म्हाताऱ्या माणसाचं काय सांगता येतं. उशीर केला असता तर हिशेब कायमचा राहिला असता.

गाडी शिकायला जाताना मी घरी सांगायचो की हास्य क्लबला चाललोय. परत आलो की सुरेखा माझ्या तोंडाकडं निरखून बघायची. हसून आलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो, हे तिला कळत असणार. पण ती काही बोलली नाही. ही न बोलायची सवय पुढं आम्हा दोघांनाही फार महागात पडली.

गाडी मिळाली ती क्रांती चौकाच्या पुढं, अफसरभाईंकडं. पांढरी, बुटकी, चार दारांची.

"साब, एकीच हात की गाडी है," अफसरभाई म्हणाले. "मास्टरनीबाई चलाते थे. घर से इस्कूल, इस्कूल से घर. चौथा गियर क्या होता, गाडी कू मालूमच नै."

माझ्या संशयी स्वभावाला अनुसरून मी गाडी तपासली. म्हणजे टेप लावून मोजली. लांबी-रुंदी कागदांशी जुळली. बाकी तपासण्यासारखं मला काही येत नव्हतं. मधल्या काळात शहराचं नाव बदललं, जिल्ह्याचं बदललं. पाटीवरचं एमएच वीस तेवढं जागेवर होतं, त्यामुळं विश्वास बसला. मग शहागंजातून हार, नारळ, सीटची कव्हरं आणि मोगऱ्याच्या वासाची एक बाटली घेतली. ती एसीच्या जाळीपुढं लावायची असते.

गाडी दारात आली तेव्हा कॉलनी जमली. सुरेखा पूजेचं ताट घेऊन बाहेर आली. तिनं गाडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि ताटातलं कुंकू थोडं सांडलं. आनंदानं, असं मी धरून चाललो.

शेजारचा बन्सी आमच्या दोघांमधल्या भिंतीवर कोपर टेकून उभा होता. बन्सी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला. ती भिंत बांधताना ती दोन बोटं माझ्या बाजूला सरकली, असा मला पहिल्यापासून संशय आहे. बन्सीचं म्हणणं, ती त्याच्या बाजूला सरकली आहे. त्यामुळं आमचे संबंध बरोबरीचे आहेत.

"कारभारी, एकदम गाडी?" त्यानं विचारलं.

मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालो, "हिला गाडी लागते. म्हणून घेतली."

सगळे गप्प झाले. बन्सी हसला आणि सुरेखाकडं नजर जाताच थांबला. त्याची बायको भागूबाई हिनं पदर तोंडाला लावला. मागून कुणीतरी खोकलं. दुसऱ्याच्या सुखात लोक असेच गप्प होतात, असा मी निष्कर्ष काढला. सुरेखानं गाडीला कुंकू लावलं आणि माझ्याकडं बघितलं. ती नजर तिच्या आईची होती.

"चल, बस," मी म्हणालो. "क्रांती चौकापर्यंत एक चक्कर मारू."

"आज शनिवार," ती म्हणाली. "नव्या लोखंडात शनिवारी बसत नसतात."

"गाडी जुनी आहे."

"आपल्याला नवीच की."

रविवारी तिचा गुडघा दुखत होता. सोमवारी उपास होता. पुढं डोकं, पाहुणे, गॅसवर दूध आणि अमावस्या, अशी कारणं येत गेली. मंडईत जायला मी किल्ली हातात घेतली की ती पिशवी घेऊन पायी निघायची. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, म्हणायची. डॉक्टरांनी चालायला मला सांगितलं होतं. एकदा मी हट्टानं तिच्या शेजारून, तिच्याच चालीनं गाडी नेली. "बस की," म्हणत होतो. चौकातल्या पोरांना वाटलं, म्हातारा परक्या बाईच्या मागं लागलाय. एकानं काचेवर टकटक करून विचारलंही, "काका, काय प्रॉब्लेम?" सुरेखानं मी तिचा नवरा असल्याचं सांगितलं खरं, पण सांगण्याआधी ती थोडी थांबली होती.

मला कळेना. बाई स्वतःच्या तोंडानं बहिणीला म्हणते, गाडी लागते. आणली तर बसत नाही. सिल्लोडचं नाव काढलं की म्हणते, बघू. खाली आपल्याला न दिसणारं पाणी असल्याशिवाय वर अशी ओल येत नाही.

आणि मग लिंबू सापडलं.

गाडी पुसताना पुढच्या डाव्या सीटखाली हात घातला, तर अर्धं कापलेलं, मीठ लावलेलं, सुकून आक्रसलेलं लिंबू हाती आलं. आमच्या घरात कुणी आजवर त्या सीटवर बसलं नव्हतं. अफसरभाईंच्या मास्टरनीबाईंचं म्हणावं, तर लिंबू इतकं जुनं नव्हतं. मी ते कागदात गुंडाळलं, नाल्यात टाकलं आणि घरी येऊन पाय धुतले. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पाय मळले होते.

चार दिवसांनी त्याच सीटखाली वर्तमानपत्राची घडी निघाली. निधनवार्तांचं पान वर होतं. दोन ओळींत मांडलेले दिवंगत माझ्याकडं शांतपणे बघत होते. पुढचा खण उघडला, तर त्यात काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, एकात एक नीट खोचलेल्या. एसीच्या जाळीपुढची मोगऱ्याची बाटली गायब. डाव्या बाजूची काच चार बोटं खाली आलेली. ती मी रोज पूर्ण लावतो.

मी सीटच्या रुळावर खडूनं बारीक खूण केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहिलं, तर सीट खुणेच्या मागं गेली होती. हे मला समजण्यासारखं होतं. याला आमच्याकडं बांध कोरणं म्हणतात.

आता बांध कोण कोरतो? शेजारी. बन्सीकडं कारण होतं, गाडी माझ्या दारात होती. संधीही होती, किल्ली आमच्या बाहेरच्या खोलीत खिळ्याला असते आणि तो रोज सकाळी आमचं वर्तमानपत्र वाचायला तिथं येऊन बसतो. पुरावा तर सर्वांत भक्कम. तो पेपर उलटा धरतो आणि सगळ्यात आधी निधनवार्ता वाचतो. ओळखीचं कुणी निघालं तर हळहळतो. नाही निघालं तर जरा खट्टू होतो.

मी भिंतीपाशी गेलो. बन्सी पलीकडं कुंड्यांना पाणी घालत होता.

"बन्सीभाऊ, तुमचा लिंबावर विश्वास आहे का?"

"सरबतापुरता."

"आमच्या गाडीत लिंबू निघतंय."

"नशीबवान आहात. आमच्या झाडाला फूल नाय."

"मस्करी नाही करत मी. निधनवार्तांचं पान निघालं. काळ्या पिशव्या निघाल्या. दुपारच्याला माझ्या गाडीत कुणीतरी येऊन बसतं."

बन्सीनं झारी खाली ठेवली. माझ्याकडं बराच वेळ बघितलं.

"कोण बसतं, तुम्हाला खरंच माहीत नाय?"

"तुम्हाला माहीत आहे?"

"माझी खिडकी तिकडंच हाय," तो म्हणाला आणि पुन्हा झारी उचलली. "पण मी काय सांगणार नाय बा. नवरा-बायकोच्या मधी शेजाऱ्यानं पडू नाय. ही भिंत हाय तेवढी लई झाली."

"नवरा-बायकोचा काय संबंध?"

"एक विचारू का, कारभारी? घरात सगळं बरं हाय ना?"

मी म्हणालो, उत्तम आहे, आणि आत आलो. आत येईपर्यंत ते उत्तम राहिलेलं नव्हतं.

संध्याकाळी जेवताना मी सुरेखाकडं नीट पाहिलं. तिनं वरणावर लिंबू पिळलं. पिळून झाल्यावर उरलेली दुसरी फोड मीठ लावून, झाकून, ओट्याच्या कोपऱ्यात सरकवली. बन्सी निर्दोष सुटला, आणि माझा घास हातातच राहिला.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काही नाही. लिंबू पुरलं का?"

"पुरलं," ती म्हणाली. "का?"

"सहज."

मग आम्ही दोघंही एकमेकांकडं न बघता एकमेकांवर नजर ठेवत जेवलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी झोपेचं सोंग घेतलं. घोरलोसुद्धा. इतकी वर्षं माझं घोरणं ऐकलेल्या बाईला खरं-खोटं कळलं असतं, पण ती घाईत होती. खिळ्यावरची किल्ली हळूच उतरल्याचा आवाज आला. मी उठून पडद्याआड उभा राहिलो.

सुरेखा बाहेर आली. डोक्यावरून पदर, काखेत वर्तमानपत्र, मुठीत काहीतरी. तिनं गल्लीत दोन्हीकडं पाहिलं. डावं दार उघडून ती आत बसली. सीट मागं घेतली, काच खाली केली. पेपरची घडी पोटाशी लावून वरून पदर आवळला, लिंबाची फोड नाकाशी धरली आणि डोळे मिटले. मग तिचे ओठ हलायला लागले.

मोजणीला गेलो असताना मी खूप काही पाहिलं आहे. रातोरात सरकलेले दगड पाहिलेत, बांधावर मांडलेला लिंबू-कुंकवाचा उतारा पाहिलाय. पण ते सगळं परक्याच्या शेतात होतं. स्वतःच्या गाडीत स्वतःची बायको मंत्र पुटपुटताना पाहायची ही पहिलीच वेळ. मी चपला न घालता बाहेर गेलो, दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि स्टिअरिंगपुढं बसलो.

"दार हळू लावा," ती डोळे न उघडता म्हणाली.

"कुणावर चाललंय हे?"

"काय?"

"करणी."

तिनं एक डोळा उघडला. "तुमच्यावर करायला मला लिंबू कशाला लागतंय?"

"मग ओठ कशाला हलत होते?"

"पाढा म्हणत होते. एकोणतीसचा. दीपीनं सांगितलंय, डोकं पाढ्यात गुंतलं की पोटाकडं ध्यान राहत नाय."

"पोटाकडं कशाला ध्यान द्यायचं?"

तिनं दुसराही डोळा उघडला आणि लिंबू खाली ठेवलं.

"कारभारी, आता पुरे करा," ती म्हणाली. म्हणजे रागावली होती. "सगळ्या कॉलनीसमोर बोललात, हिला गाडी लागते म्हणून घेतली. बन्सीभाऊ हसले. भागूबाई पदरात हसली. मी दीपीला म्हणलंच होतं, कळलं तर हसण्यावारी नेतील. पण बायकोला गाडी लागते म्हणून कुणी दारात गाडी आणून उभी करतं का? एवढी कसली हौस माझी टिंगल करायची?"

"टिंगल? अगं, तूच म्हणालीस. मी कूलरमध्ये पाणी भरत होतो. मला गाडी लागते, म्हणालीस."

"म्हणले. लागते."

"मग? लागते तर आणायला नको?"

ती माझ्याकडं बघत राहिली. मग माझ्या मागं, उघड्या दाराबाहेर बघितलं. मग परत माझ्याकडं.

"लागते म्हणून आणली?"

"लागते म्हणूनच आणली."

"अहो," ती हळू आवाजात, लहान पोराला समजवावं तसं म्हणाली, "मला गाडी लागते. म्हणजे मळमळतं. बंद गाडीत बसलं की उलटी होते."

गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला. मला त्या वेळी त्याच्याबद्दल विशेष आपुलकी वाटली.

"पण आपण एसटीनं किती हिंडलो," मी म्हणालो. "तू तर झोपायचीस."

"डोळे मिटून बसायचे. तुम्हाला वाटायचं झोपले. एसटीत निदान वारा असतो. स्कूटरवर तर वाराच वारा. मागच्या साली दीपीच्या पोराच्या गाडीत जालन्याला लग्नाला गेले, काचा बंद, वर सेंट मारलेलं. लग्न लागायच्या आधी माझी साडी बदलायची पाळी आली."

"म्हणजे मोगरा..."

"गटारीत टाकला."

"आणि निधनवार्ता?"

"पोटाशी पेपर धरला की बरं वाटतं, असं म्हणतात. बाकीची पानं तुम्ही जपून ठेवता. तेवढंच एक पान तुम्ही कधी उघडत नाय, म्हणून ते घेतलं."

मी स्टिअरिंगवरची न बसलेली धूळ पुसली.

"मग हे असं चोरून बसायचं कशाला?" मी म्हणालो. "सांगायचं. विकून टाकली असती. आताही टाकू."

"आणि आईला काय दाखवायचं?"

मी तिच्याकडं पाहिलं.

"मला कळत नाय का?" ती म्हणाली. "गाडी आल्यापासून उठता-बसता सिल्लोडला जाऊ म्हणताय. सासरवाडीची एवढी ओढ तुम्हाला कधी होती? आई आल्यागेल्याला सांगती, गाडी हाय म्हणून दिली अन् स्कूटर निघाली. ते ऐकून तुमच्यापेक्षा मला जास्त लागतं. मलाबी तिच्या दारात गाडीतून उतरायचंय. पण तोंडाला पिशवी लावून नाय उतरायचं. म्हणून आधी उभ्या गाडीत सवय करत होते. उभीत जमायला लागलं होतं. तेवढ्यात तुम्ही करणी काढली."

आम्ही दोघं उभ्या गाडीत समोर बघत बसलो. समोर बन्सीची भिंत होती. तिच्यावरून बन्सीचं डोकं वर आलं.

"मी काय म्हणतो," डोकं म्हणालं, "चालवणाऱ्याला कधी लागती का गाडी?"

"तुम्ही ऐकत होतात?" मी विचारलं.

"काच खाली हाय तुमची. मी काय करू?" मग तो सुरेखाकडं वळला. "वैनी, आमच्या खात्यात एक डायवर होता. मागं बसवला की दर घाटात उतरायचा. स्टिअरिंगवर बसवला की कोकण हिंडून यायचा."

बन्सीच्या बोलण्यावर विश्वास ठेवावा असं मला आजवर एकदाही वाटलेलं नाही, त्या दिवशीही वाटलं नाही. पण सुरेखा माझ्या हातातल्या स्टिअरिंगकडं बघत होती. तशी ती मंडईत ताज्या मेथीकडं बघते.

तनुजा मॅडम म्हणून एक बाई आमच्याकडं बायकांना गाडी शिकवतात. सुरेखा त्यांच्याकडं जायला लागली. उघडपणे, हास्य क्लबचं नाव न सांगता. सुरुवातीला मी मागच्या सीटवर बसायचो. ती ब्रेक दाबायची तेव्हा मी जो श्वास घ्यायचो, त्याचा आवाज होतो असं मॅडमचं म्हणणं पडलं आणि मला उतरवलं गेलं. सुरेखाला उलटी-बिलटी काही नाही. रस्त्याकडं बघायचं, रिक्षावाल्यांकडं बघायचं, आरशात बघायचं. एवढ्या सगळ्यावर संशय ठेवताना पोटाकडं बघायला फुरसत मिळत नाही, असं ती म्हणाली. संशयाचा कुणाला तरी उपयोग झाला, याचं मला समाधान वाटलं.

मग एका सकाळी आम्ही सिल्लोडला निघालो. ती उजवीकडं, मी डावीकडं. चारही काचा खाली. बन्सी आणि भागूबाई दारात उभे होते. बन्सीनं चाकाखाली लिंबू ठेवलं. मी त्याच्याकडं पाहिलं.

"पद्धत हाय," तो म्हणाला.

हर्सूल मागं पडेपर्यंत मी तिला कुठं वळायचं ते सांगत होतो. फुलंब्रीपर्यंत ती माझं ऐकत नव्हती. पुढं रस्त्याचं काम चाललेलं, गाडी डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं. समोर मक्याच्या पोत्यांनी भरलेला ट्रक डुलत चाललेला. त्या पोत्यांकडं बघता बघता माझ्या तोंडाला पाणी सुटलं. जांभई आली. मग दुसरी आली. कानामागं गार वाटायला लागलं.

मला पहिला संशय सकाळच्या पोह्यांचा आला. मग गाडीचा. मग सुरेखाचा, ती मुद्दाम खड्डे बघून नेतेय म्हणून. ती समोर बघतच म्हणाली, "खणात पिशव्या आहेत."

"कशाला? मला काही होत नाही."

"लिंबूबी आहे. पेपर सीटखाली."

पुढच्या वळणावर मी सीटखाली हात घातला. निधनवार्तांचं पान पोटाशी लावलं. आयुष्यात प्रथमच मी ते पान इतकं जवळ घेतलं होतं. लिंबाची फोड नाकाशी धरली.

"एकोणतीसचा पाढा म्हणा," सुरेखा म्हणाली.

"एकोणतीसचा मला येत नाही."

"मग दोनचा म्हणा."

मोजणी खात्यात इतकी वर्षं काढलेला मी दोनचा पाढा म्हणत सिल्लोडात शिरलो.

ओट्यावर बाज होती आणि बाजेवर मनकर्णाबाई होत्या. सुरेखानं गाडी अगदी ओट्याला लावून उभी केली. तनुजा मॅडमनं तसं तिला शिकवलं होतं; मला अजून जमत नाही. उजवं दार उघडून ती उतरली. हातात किल्ली. पदर सारखा केला आणि आईपुढं उभी राहिली. आतून दीपमाला धावत आली आणि दारातच थांबली.

मनकर्णाबाईंनी सवयीनं लेकीच्या मागं पाहिलं. या खेपेला मागं काहीतरी होतं. त्या काठी टेकत खाली आल्या. बॉनेटवर काठीनं दोनदा ठोकलं, नारळ बघतात तसं. गाडीभोवती एक फेरा घातला.

"कुणाची?"

"आपली," सुरेखा म्हणाली.

"चालवली कुणी?"

"मीच की."

लेकीच्या हातातली किल्ली म्हातारीनं घेतली, डोळ्यांजवळ नेऊन पाहिली आणि परत दिली. मग डाव्या खिडकीशी येऊन आत वाकून पाहिलं. आत मी होतो. पोटाशी निधनवार्ता, नाकाशी लिंबू, डोळे अर्धे मिटलेले आणि ओठ हलत असलेले.

"जावयाला काय झालं गं?"

"काय नाय आई," सुरेखा म्हणाली. "ह्यांना गाडी लागते."

मनकर्णाबाईंच्या कानाला काही झालेलं नाही. त्यांना टाचणी पडलेली ऐकू येते. त्यांनी माझ्याकडं टक लावून पाहिलं. माझ्या मागं पाहिलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी आजवर न दिसलेली माया आली.

"लागते तर घेऊन दे की त्यालाबी एक," त्या लेकीला म्हणाल्या. "तुझी तुला झाली. त्यानं किती दिवस स्कूटरवर फिरायचं?"

माझ्याबद्दल ऐकलेल्या एखाद्या गोष्टीवर त्यांनी लगेच विश्वास ठेवल्याची ही पहिलीच वेळ. मी काही दुरुस्ती केली नाही. तोंड उघडण्यासारखी परिस्थितीही नव्हती.